सडकेच्या कडेचे कूळ

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली जो कूळवहिवाटीचा कायदा झाला, त्याने ‘संरक्षित कूळ’ हा शब्द घराघरांत पोहोचवला. आदिलाबाद, किनवट, राजुरा या आपल्या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना तो आजही ठाऊक आहे. जमीन दुसऱ्याच्या नावे, पण कसणाऱ्याला मनास येईल तेव्हा उठवता येणार नाही, असा त्याचा साधा अर्थ. शेताच्या बाबतीत त्या शब्दाचे पुढे काय झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण रस्ता रुंद करताना जेसीबीने उघडा पाडलेला पाण्याचा मोठा नळ चरात पाहिला, की मला हाच शब्द आठवतो. तोही कूळच. जागा सडकेची, वहिवाट पाण्याची. फरक इतकाच, की या कुळाला संरक्षण कधीच मिळाले नाही. मालकाने घर वाढवायचे ठरवले की कुळाने बिऱ्हाड उचलायचे. आणि बिऱ्हाड हलत असताना चार दिवस ज्यांच्या घागरी रिकाम्या राहतात, त्यांचे नाव कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

सडकेचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. सडकेखालच्या नळाचा इतिहास लिहायला कोणी बसत नाही, कारण तो दिसत नाही. या लेखात तो थोडासा मांडून पाहू.

आधी मालकाची ओळख. आपला जिल्हा १८७२ साली सिरपूर-तांडूर या नावाचा उपजिल्हा म्हणून आकाराला आला. एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. नागपूरहून हैदराबादकडे जाणारी वाट या जिल्ह्याच्या अंगावरूनच जाते. पांढरकवड्याहून पैनगंगा उतरायची, मग जैनदची काळी कपाशीची जमीन, आदिलाबाद, गुडिहत्नूर, इच्चोडा, नेरडिगोंडा, मेहबूब घाट, निर्मळ, आणि सोनजवळ गोदावरी. स्वातंत्र्यानंतर हीच वाट राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ झाली. वाराणसी ते कन्याकुमारी, २३६९ किलोमीटर. देशातला त्या वेळचा सर्वांत लांब महामार्ग. २०१० च्या नव्या क्रमरचनेत तो ४४ क्रमांकाचा झाला. आमच्याकडचे लोक मात्र अजूनही ‘सात नंबर’ म्हणतात, आणि ट्रकवाल्यांनाही ते कळते.

१९५६ हे साल इथे दोनदा महत्त्वाचे आहे. त्या वर्षी भाषावार राज्यरचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादपासून तुटून मुंबई राज्यात गेले, मुधोळ नांदेडकडून आदिलाबादला आले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आणि त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय महामार्ग अधिनियम केला. म्हणजे एका बाजूने प्रदेशाची वाटणी झाली आणि दुसऱ्या बाजूने त्या वाटणीच्या आरपार जाणाऱ्या सडकेला केंद्राचे संरक्षण मिळाले. पाणी राज्याच्या यादीत राहिले. मालक दिल्लीचा आणि कूळ राज्याचे किंवा नगरपालिकेचे, ही जोडी तेव्हापासूनची.

नळ सडकेच्या कडेलाच का येतो? याचे उत्तर अभियंत्याला विचारले तर तो सांगेल की देखभालीला सोपे पडते. गळती दिसते, गाडी पोहोचते. ते खरेच आहे. पण त्याहून मोठे कारण जमिनीचे आहे. शेतातून नळ न्यायचा तर शंभर शेतकऱ्यांची संमती, पिकाची भरपाई, मोजणी, तक्रारी. सडकेची हद्द मात्र आधीच सरकारजमा. जुन्या काळी डांबराचा पट्टा जेमतेम १२ फुटांचा, म्हणजे पावणेचार मीटरचा. पुढे तो दुपदरी झाला तेव्हा सात मीटरचा. हद्दीचे दगड मात्र त्याहून कितीतरी दूर रोवलेले. मधल्या त्या मोकळ्या पट्टीत बाभळी उगवत, जनावरे चरत, आणि तिथेच नळयोजनेचा चर खोदला जाई. फुकट जागा दिसली की सरकारी माणूसही शेतकऱ्यासारखाच वागतो, धुरा थोडा पुढे सारतो. परवानगी मागितली जाई, मिळेही. पण परवानगीच्या कागदावर एक ओळ असे, की मार्गाला जागेची गरज भासेल तेव्हा वाहिनी हलवावी लागेल. ती ओळ सही करताना कोणी वाचत नाही.

हे सगळे असेच असायला हवे होते असे मात्र नाही. आपल्याच संस्थानी मुलखात याच्या उलट उदाहरण आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली आणि तिला पाणी दिले ते जमिनीखालच्या नहरीने. डोंगरपायथ्याचे झिरपणारे पाणी भुयारातून, खापरी नळांतून, उताराच्या आधाराने शहरात आणले. वाटेत ठिकठिकाणी तपासणीसाठी मनुष्य उतरेल अशी विवरे, आणि दाब सांभाळायला उंच दगडी बंब. या नहरीने वाट धरली ती पाण्याच्या उताराची, रस्त्याची नव्हे. शहराचे मोहल्ले आणि हौद नहर जिथे पोहोचली तिथे वसले. अठराव्या शतकातली पाणचक्की अशाच दुसऱ्या नहरीच्या पाण्यावर फिरली आणि लोक ती आजही बघायला जातात. नहरी नंतर मोडल्या त्या वयामुळे कमी आणि वरून पडलेल्या घरांच्या पायांमुळे, रस्त्यांच्या खोदाईमुळे जास्त. नवे शहर नकाशावर आखणाऱ्याला खालचे शहर ठाऊकच नव्हते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. विहारचे पाणी १८६० साली आले, तानसाचे १८९२ साली. तानसाचा मोठा नळ मैलोगणती उघड्यावरून येतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांची पट्टी पाणीखात्याची स्वतःची. म्हणजे इथे नळ मालक. त्याच्या शेजारून जी वाट झाली ती त्याची सेवेकरी. मुंबईच्या उपनगरांत आजही ‘पाइपलाइन रोड’ नावाचे रस्ते आहेत. नळाने रस्त्याला नाव दिले, हे किती दुर्मीळ! पण म्हणून तिथे सगळे सुखाचे होते असे समजू नये. नळाच्या पट्टीवर हजारो गरीब कुटुंबांनी संसार थाटले. नळाच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करावी असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला, आणि त्यातल्या पुष्कळांना माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन टाकले गेले. तिथल्या हवेने माणसे आजारी पडू लागली, तेव्हा पुन्हा न्यायालय. मोकळ्या झालेल्या पट्टीवर पालिकेने सायकलमार्गाची योजना आखली. तेव्हा मालक नळ असो की सडक, उठणारा शेवटी माणूसच असतो. एवढे मनात ठेवून आपल्या मुलखाकडे वळू.

आपल्याकडे रस्ता आणि पाणी यांचे नाते विचित्र रीतीने जुळले ते १९७२ च्या दुष्काळात. महाराष्ट्राच्या बाजूला, मराठवाड्यात तर विशेषच, माणसे खडी फोडायला बसली. विहिरी आटलेल्या, आणि मजुरी मिळे ती रस्त्याच्या कामावर. ज्या रस्त्यांनी पुढे टँकर आले, ते रस्ते तहानलेल्या हातांनी फोडलेल्या खडीचे होते. त्याच दशकात खडकात भोक पाडणारी यंत्रे खेडोपाडी पोहोचली, कारण दख्खनच्या काळ्या कातळात साधी विहीर खोदून भागेना. हातपंपाचेही आपल्याशी नाते आहे. मिशनरी मंडळींनी जालन्यात एक दणकट पंप घडवला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि त्या सोलापुरी पंपाच्या आधारावर ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार होऊन सबंध भारतात आणि आफ्रिकेतही गेला. आमच्या भागात त्याला सरसकट ‘बोरिंग’ म्हणतात. हे बोरिंगही बहुतेक सडकेच्या कडेलाच. यंत्राची गाडी जिथवर जाईल तिथवर ते पडणार. रुंदीकरणात पहिला बळी त्याचाच. नळ निदान हलवता येतो. बोरिंग हलवता येत नाही. त्याच्याखालचे पाणी सापडलेले असते एका जागी.

नंतर आल्या नळयोजना. सुरुवातीचे नळ बिडाचे. दोन नळांच्या सांध्यात सुतळी ठासायची, वरून वितळलेले शिसे ओतायचे आणि छिन्नी-हातोड्याने ते ठोकून बसवायचे. या सांध्याला थोडी लवचीकता असे आणि काळ्या मातीत ती फार उपयोगी. आपली कपाशीची जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या पोटातला नळ दरवर्षी थोडा थोडा हलत असतो. स्वस्त म्हणून पुढे सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे नळ आले. ते गंजत नाहीत, पण ठिसूळ. वरून रोलर फिरला की तडकतात. मग प्लास्टिकचे, आणि मोठ्या वाहिन्यांसाठी नव्या जातीच्या, न तडकणाऱ्या बिडाचे. एकाच गावाच्या एकाच गल्लीत या चारही पिढ्या एकमेकींना जोडलेल्या सापडतात. त्या कुठे, किती खोल, कोणत्या वळणावर जोडल्या आहेत, हे कागदावर क्वचितच असते. ते असते वॉलमनच्या डोक्यात. कडुनिंबापासून सहा पावले, जुन्या चावडीच्या कोपऱ्याला डावीकडे, अशा खुणांनी. रुंदीकरणात आधी कडुनिंब जातो, मग चावडी. आणि वॉलमन निवृत्त झालेला असतो.

२००३ च्या डिसेंबरात केंद्राने महामार्ग विकासाच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली आणि श्रीनगर ते कन्याकुमारी या उत्तर-दक्षिण मार्गिकेत आपली सडक आली. राज्यसीमा ते इस्लामनगर, इस्लामनगर ते कडताळ, कडताळ ते आर्मूर असे तिचे तुकडे पाडून पुढच्या दहा वर्षांत चौपदरीकरण झाले. सात मीटरच्या जागी ये-जा करायला वेगवेगळे पट्टे, मध्ये दुभाजक, बाजूला सेवारस्ते. हद्द साठ मीटरपर्यंत. आदिलाबाद शहराला वळसा घालून बाह्यमार्ग गेला. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. जुन्या दुपदरी सडकेवर समोरासमोरच्या धडकांत किती माणसे गेली ते या रस्त्यावरच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. घाटात रात्र काढणाऱ्या गाड्यांचे हालही माहीत आहेत. सडक हवीच होती. प्रश्न फक्त तिच्या कडेच्या कुळाचा.

हे कूळ हलते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रथम दोन्ही खात्यांची संयुक्त पाहणी होते. सडकवाले म्हणतात, नकाशा द्या. पाणीवाले म्हणतात, वॉलमनला बोलावतो. मग ठिकठिकाणी परीक्षेसाठी खड्डे घेऊन नळ खरोखर कुठे आहे ते पाहतात. अंदाजपत्रक होते. नियम असा, की जेवढ्या व्यासाचा, जेवढ्या ताकदीचा नळ होता तेवढाच बदलून देण्याचा खर्च सडकेच्या माथी; गावाला वाढत्या वस्तीसाठी मोठा नळ हवा असेल तर वरचा पैसा पाणीवाल्यांनी घालावा. वरकरणी न्याय्य वाटणारा हा नियम लहान पालिकांना फार नडतो. वीस वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येसाठी टाकलेला नळ, तितकाच लहान, पुढच्या तीस वर्षांसाठी पुन्हा पुरला जातो. कारण वरच्या पैशाची तरतूद त्या वर्षी नसते, आणि सडकेचा ठेकेदार पुढच्या वर्षाची वाट पाहत नाही.

मग नव्या हद्दीच्या अगदी कडेला नवा चर. काळी माती काढून खाली मुरमाची किंवा वाळूची गादी, तीवर नळ. वळणाला काँक्रीटचा भक्कम ठोकळा, नाहीतर पाण्याच्या रेट्याने नळ सांध्यातून निसटतो. सडक ओलांडायची असेल तिथे नळाला बाहेरून मोठ्या नळाचे कवच, म्हणजे उद्या दुरुस्तीला डांबर फोडावे लागू नये. दाब देऊन चाचणी, क्लोरीनने धुणे. इथवर जुना नळ चालूच असतो आणि गावाला काही कळत नाही. कळते ते शेवटच्या दिवशी. जुना नळ कापून नव्याला जोडायचा म्हणजे पाणी बंद. कागदावर २४ तास. पण जुन्या नळाचा व्यास आणि आजच्या नळाचा व्यास तंतोतंत जुळत नाही. मध्ये घालायचा तुकडा तालुक्याच्या गावी मिळत नाही. जुनी झडप चाळीस वर्षांनी फिरवली म्हणून तिचा दांडा तुटतो. २४ चे ७२ तास होतात. त्यानंतर पाणी सोडले तरी पहिले पाणी जवळच्या वस्तीला. शेवटच्या टोकाची गल्ली, बहुधा ती गरिबांचीच असते, पाचव्या-सहाव्या दिवशी भरते. त्या दिवसांत तिथल्या बाईची मजुरी बुडते, पोरीची शाळा बुडते. सडकेच्या खर्चात या दिवसांना रकाना नाही.

आणि नळ हलवलाच नाही तर? तेही होते. घाई असते, निधी अडतो, म्हणून डांबराचा पट्टा सरळ नळावरून जातो. पूर्वी ज्याच्यावर शेळ्या चरत, त्याच्यावर आता चाळीस टनांचे ट्रक. गळती झाली तर ती वर येत नाही. पट्ट्याखालची भर हळूहळू वाहून जाते आणि एके दिवशी रस्ता खचतो. मग सडकवाले नळाला दोष देतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जुन्या संस्थानी मुलखातच घडले, आणि तेही मलिक अंबराच्याच शहरात. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या जायकवाडीतून पाणी येते ते पैठण रस्त्याच्या कडेने. आधीचा नळ ७०० मिलिमीटर व्यासाचा, नंतरचा १४०० चा. दोन्ही जुने, दोन्ही फुटणारे. शहराला चार-पाच दिवसांआड पाणी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. २०१९ मध्ये १६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली. पुढे ती २७४० कोटींवर गेली. तिचा कणा म्हणजे २५०० मिलिमीटरचा, सुमारे ३९ किलोमीटरचा नळ. माणूस आत उभा राहून चालत जाईल एवढा. आणि त्याच पैठण रस्त्याचे त्याच वर्षांत राष्ट्रीय महामार्ग म्हणून चौपदरीकरण! एक खाते नळ पुरत होते, दुसरे रस्ता आखत होते. आणि नवाकोरा नळ जागोजागी नव्या रस्त्याखाली येतो असा वाद उभा राहिला. कूळ जुने असते तर गोष्ट वेगळी. इथे मालक आणि कूळ एकाच वेळी घर बांधत होते आणि दोघांचे नकाशे एका टेबलावर आले नाहीत. पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे होताच. तिथे तारखांवर तारखा पडत गेल्या. ज्या शहराने चारशे वर्षांपूर्वी पाण्याला स्वतःची वाट दिली होती, त्या शहरात हे घडावे याचे मला विशेष वाटते.

आपल्या जिल्ह्यावर ही वेळ यायची आहे, किंबहुना येऊ लागली आहे. तेलंगण राज्य २०१४ मध्ये झाले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘मिशन भगीरथ’ सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. श्रीरामसागरच्या जलाशयातले गोदावरीचे पाणी निर्मळचा डोंगर ओलांडून इकडे येऊ लागले. ज्यांनी उन्हाळ्यात ओढ्यात झिरे खोदून पाणी भरले आहे, अशा गोंड गुड्यांत नळ पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे. कोमरम भीमाच्या लढ्याने ज्या तीन गोष्टी मागितल्या, त्यात पहिला शब्द पाण्याचा होता. पण भगीरथाच्या वाहिन्यांनीही ठिकठिकाणी सडकेचीच कड धरली. सात नंबरचे रुंदीकरण आधी झाले असल्यामुळे तिथे फारसे बिघडले नाही. बिघडणार ते आडव्या रस्त्यांवर. आदिलाबादहून बेल्यावरून कोरपना-गडचांदूर-राजुऱ्याकडे जाणारा रस्ता आता ३५३-ब क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. नांदेडहून भोकर-भैंसा-निर्मळ हा ६१ क्रमांकाचा. क्रमांक मिळाला की रुंदी मागोमाग येते. हे दोन्ही रस्ते सीमा ओलांडतात, दोन्ही काळ्या मातीतून जातात, आणि दोन्हींच्या कडेला गावेगावचे नळ आहेत.

आता रस्त्याच्या आखणीतच सेवावाहिन्यांसाठी वेगळी पट्टी राखावी, असे रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक पुस्तिका सांगते. शहरी रस्त्यांसाठी तर १९९७ पासून ती आहे. पट्टी राखली जाते, आणि मग तिच्यावर टपऱ्या, फलक आणि नव्या गटारी येतात. जमिनीवर राखलेली जागा आपल्याकडे टिकत नाही; निदान नळ कुठे पुरला याची अक्षांश-रेखांशांसह नोंद तरी टिकावी. आता तेवढे करायला मोबाइलही पुरतो. पूर्वी हे काम वॉलमनच्या आठवणीवर सोडले होते ते साधन नव्हते म्हणून. आज तसे म्हणता येणार नाही.

डोलाऱ्याजवळ पैनगंगेवर उभे राहिले तर सडक दोन्ही तीरांवर एकच दिसते. एकच क्रमांक, एकच दुभाजक. नळ मात्र पुलावर चढत नाहीत. अलीकडे भगीरथाची लाइन आपल्या शेवटच्या गावी थांबते, पलीकडे यवतमाळच्या बाजूला जलजीवनच्या योजना आपापल्या टाक्यांपाशी. दोन्हींच्या मधून वाहणाऱ्या नदीवर चनाखा-कोरटा बंधारा बांधण्यासाठी २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांनी करार केला.